रविवारी लिहिलेला कोड

बाबा पंखा पुसताना स्टुलावरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. आदल्याच दिवशी मी म्हटलं होतं, पंखा पुसायला माणूस बोलावते. पण चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभं राहिलेल्या माणसाला ते पटलं नसावं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला यादी लिहून दिली: वॉकर, कमोडची खुर्ची आणि जमलं तर डोक्याकडून उचलता येणारा पलंग.

"हे विकत घेऊ नका हं," शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून म्हणाली. "दोन महिन्यांनी माळ्यावर जातं आणि तिथंच राहतं. शनिवार पेठेत एक केंद्र आहे. आणायचं, वापरायचं, परत द्यायचं."

म्हणून मी बिबवेवाडीहून शनिवार पेठेत गेले. एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, बाहेर 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्र' अशी पाटी. आत भिंतीला वॉकर टांगलेले, कोपऱ्यात घडी घातलेल्या व्हीलचेअर आणि त्यांच्यामध्ये एका टेबलामागे पांढरा हाफ शर्ट घातलेले सत्तरीचे काका. ते जमिनींच्या नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांची खरेदीखतं वाचली होती आणि आता हे केंद्र एकहाती चालवत होते. टेबलावर तीन वह्या होत्या. एक गेलेल्या वस्तूंची, एक परत आलेल्यांची. तिसरी कशाची ते मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाले, "भांडणांची."

त्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, "रुग्ण कोण?"

"वडील."

"उंची?"

मला सांगता येईना.

"वडिलांची उंची माहीत नाही आणि वॉकर न्यायला आलात. फोन करा."

मी बाबांना फोन लावला. बाबा मूळचे वर्ध्याकडचे. पुण्यात सारी हयात गेली तरी तिकडचा एखादा शब्द त्यांच्या बोलण्यात अजून सापडतो. म्हणाले, "काऊन? उभा होतो तेव्हा पाच फूट सात इंच होतो. आता आडवा आहे, किती धरायची ते तूच ठरव."

काका पाना घेऊन वॉकरचे पाय वर-खाली करत होते, तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांना आईसाठी व्हीलचेअर हवी होती, दुसऱ्या दिवशी डायलिसिसला न्यायचं होतं. कोपऱ्यातल्या सगळ्या दुरुस्तीच्या होत्या. काकांनी पहिली वही उघडली, मग दुसरी, परत पहिली. चांगल्या खुर्च्या बाहेर होत्या. त्यातली एक लोणी काळभोरला गेली होती, आठ महिन्यांपूर्वी. तिथला फोन नंबर वहीत होता, पण त्यातल्या एका आकड्यावर पाण्याचा थेंब पडला होता. तो तीन आहे की आठ यावर काका आणि ते गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले. शेवटी गृहस्थ "बघतो दुसरीकडे" म्हणून निघून गेले. वही मिटून काकांनी माझ्या वॉकरचा शेवटचा स्क्रू आवळला.

मी ज्या कंपनीत काम करते तिचा धंदाच हा आहे. परदेशातल्या मोठमोठ्या गोदामांना आम्ही सॉफ्टवेअर देतो. कुठला माल कुठल्या फळीवर आहे, कुठली उचलगाडी कोणाकडे आहे, हे त्यांना आमच्यामुळे कळतं. सातासमुद्रापार एखादी गाडी जागेवरून हलली तर मला खराडीच्या ऑफिसात बसून दिसतं. आणि शनिवार पेठेतली व्हीलचेअर लोणी काळभोरला आहे की नाही हे इथे कोणाला सांगता येत नव्हतं. रिक्षात पायाशी वॉकर धरून मी हाच विचार करत घरी आले.

मग मी शनिवार-रविवार सकाळी बसू लागले. बाबा उठायच्या आत दोन तास, आणि त्यांचा व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट आली की आणखी तासभर. लॅपटॉप माझा, जुना. भाषाही ऑफिसात वापरतो ती नाही, दुसरीच, मला कॉलेजपासून आवडणारी. ऑफिसातली एकही ओळ मी उचलली नाही. उचलायची गरजही नव्हती. गोदामाला जे लागतं त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही केंद्राचं काम भागणार होतं. प्रत्येक वस्तूला नंबर, ती कोणाकडे आहे, कधी नेली, आणि दर पंधरा दिवसांनी नेणाऱ्याला एक मेसेज. इतकंच.

पहिल्यांदा काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, दोन नोंदी करून बघितल्या आणि विचारलं, "हे पुसता येतं का?"

"येतं की. इथे दाबलं की नोंद गेली."

"मग नको. कागदावर खोडलं तरी खालचं दिसतं. आमच्या कार्यालयात खाडाखोड चालायची, पण खोडणाऱ्याची सही लागायची. पुसणं म्हणजे लबाडी."

मी घरी जाऊन सगळं बदललं. आता त्यात काहीच पुसलं जात नाही. चुकलेल्या नोंदीवर रेघ येते आणि रेघ कोणी मारली तेही दिसतं. बारा वर्षं कोड लिहिल्यावर ही गोष्ट मला एका निवृत्त कारकुनाने शिकवली.

मेसेजचा मजकूरही त्यांना पसंत पडला नाही. मी लिहिलं होतं, 'कृपया साहित्य परत करावे.' काका म्हणाले, "ही नोटीस झाली. पत्र लिहा." आणि स्वतः सांगितलं: 'आपला रुग्ण आता हिंडूफिरू लागला असावा अशी आशा आहे. तसे असल्यास आमची खुर्चीही हिंडूफिरू द्यावी.' पुढच्या आठवड्यात त्यांना त्यात बदल हवा होता, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. शेवटी मी कंटाळून त्यांना एक चौकट करून दिली. मजकूर तिथे टाइप करायचा, की तोच सगळ्यांना जाईल. ते खूश झाले.

लोणी काळभोरच्या खुर्चीसाठी आम्ही तीनही लावून बघितला आणि आठही. आठ बरोबर निघाला. पलीकडे एक बाई बोलत होत्या. "खुर्ची हाय आमच्याकडं. सासूबाई बी हायेत, बेस हायेत. पन त्या आता खुर्ची सोडंनात. अंगणात बसून कांद्यावर ध्यान ठेवत्यात. काय करू सांगा."

काकांनी थोडा विचार केला. "बसू द्या त्यांना," म्हणाले, आणि त्या नोंदीपुढे 'कायम' असा शेरा लिहिला.

बाकीच्या वस्तू मात्र यायला लागल्या. माळ्यांवरून, गॅलरीतून, पलंगांखालून. एक वॉकर तर लिंबाच्या लोणच्याच्या बरणीसकट परत आला. बाबांचा वॉकर मीच नेऊन दिला, कारण ते आता काठीवर आले होते. शहरातल्या दुसऱ्या दोन केंद्रांनी विचारलं, आम्हालाही हे मिळेल का? मी म्हटलं, न्या. मग वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर छोटी बातमी आली. फोटोत काका, मी आणि आमच्या दोघांच्या मध्ये हवेच्या गादीचा पंप.

ऑफिसात माझ्या मॅनेजरने ती बातमी सगळ्यांना पाठवली. लिफ्टशेजारच्या पडद्यावर माझा फोटो झळकला, खाली 'आम्हाला अभिमान आहे' असं लिहिलेलं. चार दिवस मी लिफ्ट सोडून जिन्याने गेले, इतकं अवघडल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी फोटो गेला आणि एचआरमधून निरोप आला, पाच मिनिटं येऊन जा.

खोलीत दोघं होती. एचआरची बाई माझ्याच वयाची, आमची कॅन्टीनमधली ओळख. आणि कंपनीचे वकील, ज्यांना मी तोवर फक्त वार्षिक स्नेहसंमेलनात जेवताना पाहिलं होतं. त्यांच्यापुढे माझा करार होता. रुजू झाले त्या दिवशी बॅग, पाण्याची बाटली आणि ओळखपत्रासोबत मी तो सही करून दिला होता. बाटली अजून आठवते. करार आठवत नव्हता.

"मॅडम, कलम चौदा," वकील म्हणाले. "नोकरीच्या काळात तुम्ही जे काही तयार कराल, जे कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित असेल, त्याची मालकी कंपनीची."

"पण मी हे ऑफिसात केलं नाही. रविवारी केलंय. माझ्या लॅपटॉपवर."

"नोकरीचा काळ म्हणजे रुजू झाल्यापासून सोडेपर्यंत. रविवार त्यातच येतो."

"आणि आंघोळ करताना काही सुचलं तर?"

एचआरची बाई हसली. वकील हसले नाहीत. ते रागावलेही नव्हते, खरंच विचार करत होते. "सुचण्याला हरकत नाही," म्हणाले. "लिहून काढलं की प्रश्न येतो. आणि व्यवसाय तोच आहे. वस्तू कुठे आहे याचा माग ठेवणं."

"आपण कमोडच्या खुर्च्यांचा माग ठेवत नाही."

"उद्या ठेवू शकतो."

एचआरची बाई समजुतीने म्हणाली, "हे बघ, तुझ्यावर कोणी आरोप करत नाहीये. तू हे दुसऱ्या केंद्रांना दिलंस ना, म्हणून लीगलला विचारावं लागलं. एका कागदावर सही कर, की हे कंपनीचं आहे. मग कंपनी ठरवेल काय करायचं. तोवर प्लीज त्या कोडला हात लावू नकोस."

मी कागद घरी घेऊन आले. बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "आम्ही कारखान्यातून सुटायचो तेव्हा गेटवर डबा उघडून बघत, आत काही नेतो का म्हणून. घरी काय करतो ते कोणी विचारत नव्हतं. मी ही खिडकीची जाळी केली, तुझा पाळणा केला. कारखान्यानं पाळणा मागितला नाही." जरा थांबून म्हणाले, "तुमचं तं डोकंच उघडून बघतात."

ते गमतीत म्हणाले, पण मला ते लागलं. पगारासाठी मी दिवसाचे नऊ तास देते, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. काम मला आवडतं. पण रविवारी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून मी जे करत होते ते मला काम वाटतच नव्हतं. कोणी गातं, कोणी गच्चीत मिरच्या लावतं, मी हे करत होते. आणि बाबांच्या उपचारांचा विमा कंपनीकडूनच होता, त्यांना अजून तपासण्या होत्या. नोकरी फेकून देण्याचा आव मला आणता येत नव्हता.

शनिवारी मी करार आणि कागद दोन्ही घेऊन काकांकडे गेले. त्यांनी करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मधे एक बाई एअर बेड घेऊन गेल्या, त्यांची नोंद केली, परत वाचायला लागले. चाळीस मिनिटांनी चष्मा काढला.

"मसुदा चांगला आहे. तुम्ही वाचला असतात तर तुम्हालाही आवडला असता."

"आता काय करू?"

"सही करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"करा सही. होऊ द्या त्यांना मालक. मी तीस वर्षं मालक होणारी माणसं पाहिली आहेत. खतावर सही होईपर्यंत घाई असते. नंतर कळतं, की घरपट्टी पण आपल्याच नावावर आली."

मी सही केली. सोमवारी कागद दिला, वकिलांनी धन्यवाद म्हटलं, आणि मी खरंच कोड उघडला नाही. रविवारी सकाळी काय करावं कळेना, म्हणून कपाटं आवरली.

दोन आठवड्यांनी आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवरची मुलगी माझ्याजवळ आली. बिचारी गोंधळली होती. "मॅडम, एक काका फोनवर आहेत, म्हणतात त्यांच्या कमोड खुर्चीचा एक पाय डगमगतोय. सकाळपासून हा तिसरा फोन. आपण कमोड विकायला लागलो का?"

मला काही अर्थबोध होईना. जेवणाच्या सुट्टीत केंद्राला फोन केला. काका म्हणाले, "हो, मी मेसेजमध्ये एक ओळ घातली. त्या चौकटीत. या यंत्रणेची मालकी अमुक कंपनीकडे असून तक्रारीसाठी संपर्क, आणि खाली तुमच्या ऑफिसचा नंबर. खोटं आहे का काही?"

"काका, त्यांची मालकी प्रोग्रॅमची आहे, खुर्च्यांची नाही."

"ते लोकांना नीट समजलेलं दिसत नाही. मलाही नीट समजलेलं नाही. एकदा समजावून घेतलं पाहिजे."

त्यांनी कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्रही पाठवलं होतं. 'आपण आमच्या यंत्रणेचे मालक झालात याबद्दल अभिनंदन' अशी सुरुवात, आणि पुढे सहा अडचणींची यादी, क्रमाने. त्यांना तातडीने उत्तर हवं होतं. वकिलांनी मला बोलावून ते पत्र दाखवलं. "हे तुम्ही सांगितलं का लिहायला?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. "या अडचणी दूर करता येतील?" येतील, म्हटलं, पण मला हात लावायची मनाई आहे. त्या दिवशी मला जरा मजा वाटली, हे कबूल करते.

ती मजा आठवडाभर टिकली. मग एका दुपारी एचआरच्या बाईने मला तिच्या खोलीत बोलावलं. तिचे डोळे लाल होते.

"आज रिसेप्शनने एक फोन माझ्याकडे दिला," ती म्हणाली. "एक मुलगी होती. तिचे वडील गेल्या महिन्यात गेले. तिने पलंग परत केला, केंद्राला सांगितलं होतं. आणि आज तिला मेसेज आला, आपला रुग्ण आता हिंडूफिरू लागला असावा अशी आशा आहे. तिने मला फक्त एवढंच विचारलं, की असं का लिहिता? मी सॉरी म्हणत राहिले."

चूक कुठे होती ते मला बसल्या जागी कळलं. रुग्ण गेल्याची खूण काका पलंगापुढे करायचे. पण त्याच घरात दुसरी वस्तू असली, समजा वॉकर, तर त्या नोंदीपर्यंत ती खूण पोचत नव्हती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पत्रातली चौथी अडचण हीच होती, मी ती वाचूनही तिचा हा अर्थ काढला नव्हता.

"मी आत्ता हे दुरुस्त करणार आहे," मी म्हटलं. "परवानगी विचारत नाही, सांगतेय."

ती म्हणाली, "कर."

मी अर्धी रजा टाकली, घरी आले, जुना लॅपटॉप उघडला. चार ओळींचं काम होतं. मग त्या मुलीला फोन केला, चूक माझी होती असं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना तो मेसेज आवडायचा. पहिल्यांदा आला तेव्हा हसले होते." तिने वॉकर परत करायला कधी येऊ, असंही विचारलं.

संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांना कळलं होतं. चौकटीतली कंपनीच्या नावाची ओळ त्यांनी काढून टाकली होती. "मी वकिलाशी भांडत होतो," म्हणाले, "आणि लागलं भलत्यालाच. चूक माझी आहे." भांडणांच्या वहीत त्यांनी ते स्वतःच्या नावाने लिहून ठेवलं. मी बघितलं.

त्या शनिवारी एचआरची बाई आणि वकील दोघंही केंद्रात आली. तिने आणलं त्यांना. काकांनी खुर्च्या दिल्या, त्यातली एक चाकांची होती, दुसरी शिल्लक नव्हती. वकील तिच्यात जपून बसले. चहा आला. काका पुन्हा मूळपदावर आले होते.

"मला एवढंच समजावून सांगा. पलंग कोणाचे?"

"केंद्राचे," वकील म्हणाले.

"आणि पलंग कुठे आहे ही माहिती?"

"ती माहितीही केंद्राची. ती माहिती ठेवणारा प्रोग्रॅम आमचा."

"त्यात काही पुसायचं नाही, रेघ मारायची, हे मी सांगितलं होतं. ते कोणाचं? मी तुमच्याकडे नोकरीला नाही."

वकिलांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ कुबड्या घ्यायला आले. काका उंची विचारायला उठले, आणि जाताजाता वकिलांना म्हणाले, "जरा नोंद करता का? सोपं आहे." वकिलांनी खरंच नोंद केली. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, त्यांनी पुसायचा प्रयत्न केला, तिथे रेघ आली आणि रेघेपुढे वेळ आली. ते बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "हे चांगलं आहे."

तीन आठवड्यांनी मला कंपनीचं पत्र मिळालं. त्या प्रोग्रॅममध्ये कंपनीला रस नाही, त्यावरचा हक्क कंपनी सोडत आहे, मी तो केंद्राला किंवा कोणालाही द्यायला मोकळी आहे. कलम चौदा मात्र तसंच राहिलं. ते काढायला कोणी तयार नव्हतं, वकीलही नाहीत. पण त्यांनी एक पानाचा फॉर्म तयार केला. स्वतःच्या वेळात काही करत असाल तर आधी कळवा, व्यवसायाशी संबंध नसेल तर पंधरा दिवसांत लेखी मोकळीक मिळेल. एचआरच्या बाईने तो सगळ्यांना पाठवला. मला हे अर्धवट वाटलं, अजूनही वाटतं. माझ्या रविवारची परवानगी मी का मागायची? पण ज्यांना कलम चौदा आहे हेच माहीत नव्हतं, त्यांना निदान माहीत झालं. मी सही करण्यापूर्वी कागद वाचायला लागले, बँकेतसुद्धा, आणि माझ्यामुळे मागे रांग थांबते.

प्रोग्रॅम मी केंद्राच्या नावावर केला. काकांनी त्यासाठी रीतसर बक्षीसपत्र लिहून आणलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. साक्षीदार म्हणून बाबांनी सही केली, आणि शेजारच्या सायकलवाल्या चाचांनी, जे केंद्राच्या सगळ्या चाकांची दुरुस्ती करतात.

फॉर्म निघाल्यावर महिनाभराने तिसऱ्या मजल्यावरचा एक सहकारी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. पन्नाशीचा, कोणाशी फारसा न बोलणारा. आमची इतक्या वर्षांत मान हलवण्यापुरती ओळख होती. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तुम्हाला एक विचारू का? मी एक गोष्ट करतोय. चार वर्षं झाली. घरीही सांगितलेलं नाही."

मी म्हटलं, सांगा.

तो रोज पहाटे टेकडीवर फिरायला जातो आणि फोनवर पक्ष्यांचे आवाज टिपतो. त्याचा प्रोग्रॅम ते आवाज वेगवेगळे करतो आणि कुठला पक्षी कुठल्या झाडापाशी, कोणत्या महिन्यात बोलला याची नोंद ठेवतो. "यात तसं काही नाही," तो म्हणाला. "फॉर्म भरावा का? की न सांगितलेलंच बरं? एकदा सांगितलं की ते आपलं राहत नाही असं वाटतं."

त्याने खिशातून फोन काढला, इयरफोनचा एक बोळा मला दिला आणि दुसरा स्वतःच्या कानात घातला. आधी नुसता वारा, मग लांबून रिकाम्या बसचा आवाज, आणि मग अगदी जवळून एक बारीक शीळ.

"हा नाचण," तो म्हणाला. "आता थांबा, जोडीदार उत्तर देईल."

आम्ही दोघं तसेच डोकं जवळ घेऊन बसलो होतो. डबे उघडेच राहिले होते.